औषध देणारा हात

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्याकडे घरोघरी धनाची पूजा होते आणि वैद्यांच्या घरी धन्वंतरीची. धने-गुळाचा नैवेद्य दाखविला जातो, दिवा लावला जातो आणि समुद्रमंथनातून वर आलेल्या त्या देवाच्या चित्रासमोर हात जोडले जातात. चित्र पाहणाऱ्याची नजर साहजिकच अमृतकलशावर खिळते. तो कलश धरणाऱ्या हाताचा विचार सहसा कोणी करीत नाही. देवाच्या बाबतीत तो करण्याचे कारणही नाही. माणसांच्या जगात मात्र औषध जितके महत्त्वाचे, तितकाच ते देणारा हातही महत्त्वाचा असतो. गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला तर असे दिसते की, औषधाने जेव्हा जेव्हा घात केला, तेव्हा तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न हाच विचारला : हे दिले कोणी? या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेल्या उत्तरांतून आपले औषधांचे कायदे घडले. त्यांची ही हकीकत सणाच्या दिवसांत सांगावी असे वाटते, कारण असे घर विरळाच की ज्यात दिवाळीच्या फराळाच्या डब्यांशेजारी कोणाच्या तरी गोळ्यांची डबी नाही.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. यांतील तिसरा पाय आपण नेहमी विसरतो. वैद्याची कीर्ती होते, औषधाचे नाव होते, रोग्याचे हाल सर्वांना दिसतात. परंतु वेळेवर, मापाने आणि ज्याचे त्यालाच औषध देणारा जो कोणी असतो, त्याचे नाव कोणी लक्षात ठेवीत नाही. जुन्या काळी हे खपून जाई, कारण वैद्यच औषध कुटी, वैद्यच पुडी बांधी आणि वैद्यच ती हातात ठेवी. घात झाला तर कोणाला धरावयाचे, हा प्रश्नच नव्हता. कौटिल्यानेदेखील अर्थशास्त्रात चुकीच्या उपचाराने रोगी दगावला तर वैद्याला दंड सांगितला आहे. औषध देणाऱ्या तिऱ्हाइताचा विचार तेथे नाही.

दक्षिणेत मोठी रुग्णालये निघाली तेव्हा मात्र हात वाढू लागले. बिदर येथे पंधराव्या शतकात दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहा बहमनीने दवाखाना बांधला, त्यात हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही वैद्य नेमले आणि औषधे व अन्न यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली. हैदराबादेस मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९५ साली दारुश्शिफा उभारला. मलिक अंबरने खडकी वसविली, जिचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले, ती त्यानंतर पंधरा वर्षांनी, १६१० साली. गावाच्या उत्पन्नातून औषध विकत घेणारा एक, ते कोठारात ठेवणारा दुसरा, देणारा तिसरा, अशी साखळी अशा ठिकाणी आपोआप तयार होते. युरोपात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने तेराव्या शतकातच वैद्य आणि औषध विकणारा यांचे धंदे कायद्याने वेगळे केले होते. आपल्याकडे ही फारकत इंग्रजी दवाखान्यांबरोबर आली आणि तिच्याबरोबर आला कंपाउंडर.

या कंपाउंडरचे ऋण आपल्या वडीलधाऱ्यांनी कधी नीट फेडले नाही. डॉक्टर आत बसत; बाहेर लाकडी फडताळासमोर हा उभा. घरून नेलेली बाटली तो विसळी, तीत तांबडे किंवा पिवळे मिश्रण भरी, आणि कागदाची कडेने कातरलेली पट्टी बाटलीला चिकटवी. एका खाचेपर्यंत एक डोस. त्या पट्टीवर पुष्कळदा रोग्याचे नाव नसे, औषधाचे नसे आणि देणाऱ्याचे तर नसेच. सारा व्यवहार ओळखीवर चाले. ओळखीवर चालणारी गोष्ट लहान गावात उत्तम चालते. रोगी हजारांनी मोजावे लागले म्हणजे तिचे काय होते, हे मुंबईच्या एका बाटलीने दाखवून दिले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून तिच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ माणसांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. ते एकोणीसही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते, आणि त्या बाटलीवर क्रमांक होता : ५३-एन. तो क्रमांक होता म्हणूनच बाकीच्या बाटल्यांतील लस निर्दोष होती, हे सिद्ध होऊ शकले.

पण मग धरावयाचे कोणाला? चौकशी झाली आणि ठपका परळच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर आला. त्याला कामावरून दूर करण्यात आले. पुढे बाहेर आले की, मुलकोवालमध्ये बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला होता. सर रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिनची बाजू मांडली आणि १९०७ साली तो दोषमुक्त झाला. परळच्या संस्थेला १९२५ साली त्याचेच नाव दिले गेले. या प्रकरणातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, अपघातानंतर समाजाला एकच मान हवी असते आणि सापडेल ती मान तो पकडतो. दोन, ज्याने खरे काय घडले ते उलगडले, तो साधा एक क्रमांक आणि बाटली उघडण्याच्या वेळची एक बारीकशी नोंद.

यानंतर औषधांचा बाजार फोफावला आणि भेसळही. क्विनीनसारख्या जीव वाचविणाऱ्या औषधातही भेसळ होऊ लागली, तेव्हा सरकारने १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीने औषधांवर नियंत्रण आणावे असे तर सांगितलेच, पण औषधे देणाऱ्यांना रीतसर शिक्षण हवे, हेही बजावले. त्या शिक्षणाचा आरंभ १९३२ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात महादेव लाल श्रॉफ यांनी केला. कायदा मात्र रेंगाळला. मध्यंतरी १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे नवे औषध गोड द्रवाच्या रूपात बाजारात आले. ते विरघळविण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ वापरला होता. हा पदार्थ रंगहीन, दाट, चवीला गोड, पण पोटात गेला म्हणजे मूत्रपिंडे निकामी करणारा. शंभराहून अधिक माणसे मेली, त्यांत पुष्कळ मुले होती. आणि त्या देशाच्या कायद्यात विकण्यापूर्वी औषध तपासावे असे कलमच नव्हते! ते औषध 'एलिक्झिर' म्हणून विकले जाई आणि एलिक्झिरमध्ये मद्यार्क असावा लागतो, तो त्यात नव्हता. एवढ्या खोट्या नावाच्या तांत्रिक आधारावर ते जप्त करावे लागले. दुसऱ्याच वर्षी तेथे नवा कायदा झाला.

आपल्याकडे औषधांचा कायदा १९४० साली झाला, त्याचे नियम १९४५ साली, आणि १९४८ साली फार्मसी कायदा. या शेवटच्या कायद्याचे ४२ वे कलम कंपाउंडरच्या कहाणीचे उत्तर आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टाखेरीज दुसऱ्या कोणी तयार करू नये व देऊ नये, असे ते सांगते; डॉक्टरने आपल्याच रोग्याला औषध देण्याची मुभा तेवढी ठेवली आहे. तिसऱ्या पायाला अशा रीतीने प्रथमच नाव, शिक्षण आणि जबाबदारी मिळाली. १९४० चा कायदा झाला तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. १९४८ च्या सप्टेंबरात मराठवाडा मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा 'घाटी' या एकाच नावाने ओळखतो. बीड-जालन्याचा शेतकरी आजही 'घाटीत नेले' असे म्हणतो, तेव्हा त्यात आजार मोठा असल्याची भीती आणि इलाज होईल ही आशा अशा दोन्ही गोष्टी असतात.

येथे कायद्यातील एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या दुःखाचे मूळ त्याच्या आसपास आहे. गुलमंडीवर मेडिकलचे दुकान काढावयाचे तर परवाना लागतो, फार्मासिस्ट लागतो, तपासनीस येतो. सरकारी रुग्णालयाला मात्र औषधे देण्यासाठी तो विक्रीचा परवाना लागत नाही. औषधांच्या नियमांतील 'के' अनुसूचीने त्याला सूट दिली आहे. सुटीबरोबर अटी आहेत : औषध जाणकार माणसाच्या देखरेखीखाली द्यावे, साठा नीट ठेवावा, जागा तपासनिसाला खुली असावी. सूट देण्यामागचा विचार सरळ आहे. रुग्णालय नफ्यासाठी विकत नाही. सरकार स्वतःच्या घरात भेसळ कशाला करील? परंतु दुकानदारावर सरकार लक्ष ठेवते तसे सरकारवर लक्ष कोणी ठेवावयाचे, हा प्रश्न त्या सुटीत तसाच राहून गेला.

त्याचे उत्तर मुंबईला १९८६ साली फार महाग पडले. जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील आणि डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी काही रोग्यांना ग्लिसरीन पाजण्यात येई. उपचार जुना आणि मान्य. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत असे ग्लिसरीन घेतलेल्या रोग्यांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होऊ लागली आणि १४ जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी ज्याने मुले मारली तेच विष, तितकेच गोड आणि तितकेच दिसायला निरुपद्रवी. कारखान्यात वापरावयाचे ग्लिसरीन रोग्याच्या पेल्यापर्यंत पोहोचले होते.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. १९८७ साली त्यांनी दिलेल्या अहवालाने महाराष्ट्र हादरला आणि आरोग्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. लेंटिन यांनी एकच मान शोधली नाही, हे त्या अहवालाचे मोठेपण. खरेदी कशी झाली, पुरवठादार कसे निवडले गेले, माल न तपासता कसा स्वीकारला गेला, औषध प्रशासनाने काय करावयास हवे होते आणि काय केले, वरून कोणते दबाव आले, हे त्यांनी एकेक पायरी चढत पाहिले. आणि दिसले ते असे की, परिचारिकेने बाटलीवरचे नाव वाचून औषध दिले होते. डॉक्टरने योग्य तेच लिहून दिले होते. ज्या हाताने पेला रोग्याच्या ओठाला लावला तो हात निर्दोष होता. दोष त्याच्या मागच्या, कागदावर सही करणाऱ्या हातांचा होता. प्रत्येकाने मानले की, आपल्या आधीच्याने तपासले असेल.

या अहवालानंतर सगळे सुधारले असे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते! नियम वाढले हे खरे. १ मार्च २०१४ पासून ४६ औषधांसाठी, मुख्यतः प्रतिजैविके आणि क्षयावरची औषधे यांसाठी, रोग्याचे व डॉक्टरचे नाव वेगळ्या वहीत लिहिणे दुकानदाराला भाग पडले. त्याच सुमारास राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त महेश झगडे यांनी दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर हवा असा आग्रह धरला, तेव्हा राज्यातील औषध विक्रेते बंद पुकारण्याच्या गोष्टी करू लागले. कारण उघड होते. अनेक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असे आणि फार्मासिस्ट भलतीकडेच. १९४८ च्या कलमाने जो हात नेमला होता, त्याची तसबीर करून आपण टांगली होती.

रुग्णालयांकडे पाहावे तर तेथेही खरेदीचा घोळ संपला नाही. २०१७ साली राज्याने सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपविली. ज्याच्यावर एका बाटलीमुळे अन्याय झाला त्याचेच नाव आता सबंध राज्याच्या बाटल्यांना जामीन राहिले. परंतु खरेदीला विलंब होतो अशा तक्रारी सुरू झाल्या आणि २०२३ साली कायदा करून वेगळे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण निर्माण करण्यात आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके होती. पाठोपाठ घाटीतील मृत्यूंचीही चर्चा झाली. औषधांचा तुटवडा असल्याचा आरोप झाला, प्रशासनाने तो नाकारला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. औषध चुकीचे देणे हा जसा घात, तसे वेळेला औषध हाताशी नसणे हाही घातच. दोहोंची मुळे त्याच कोठाराच्या वहीत असतात.

पुढच्याच वर्षी, २०२४ च्या डिसेंबरात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला पुरविलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट असल्याबद्दल गुन्हा नोंदविला गेला. नागपूर जिल्ह्यात कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून २०२३ साली घेतलेल्या नमुन्यावरून असेच एक प्रकरण बाहेर आले होते. गोळीत औषधाऐवजी टाल्कम पावडर असल्याचे पोलिसांनी आरोपपत्रात म्हटले. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्यप्रदेशातील छिंदवाड्याकडची वीसहून अधिक मुले खोकल्याच्या औषधाने गेली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. तमिळनाडूत तपासलेल्या त्या औषधात ४८.६ टक्के निघाले ते काय, तर डायएथिलीन ग्लायकॉल! औषधात त्याचे प्रमाण दशांश टक्क्याहून अधिक असता कामा नये. १९३७, १९८६, २०२५ : विष तेच, आणि ते ओळखण्याची चाचणी ठाऊक असूनही न केल्याची गोष्टही तीच.

अशा वेळी लोक म्हणतात, आता यंत्रे आली आहेत. माणसाचा भरवसा नको, यंत्राकडे सोपवावे. मोठ्या रुग्णालयांत संगणकावर चालणारी औषधांची कपाटे आली आहेत. परिचारिका रोग्याचे नाव टाइप करते, खण आपोआप उघडतो, कोणी काय केव्हा घेतले याची नोंद होते. महाराष्ट्रातही सरकारी साठ्याचा हिशेब 'ई-औषधी' या संगणकप्रणालीवर ठेवला जातो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून देशात खपणाऱ्या ३०० प्रमुख औषधांवर क्यूआर कोडची चौकट सक्तीची झाली आहे. हे सारे चांगलेच आहे. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला तर यंत्राचे कौतुक नवे नाही. पाणचक्की अठराव्या शतकापासून दूरच्या डोंगरातून नळाने आलेल्या पाण्याच्या जोरावर फिरत आली, आणि दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळीत आली. पण पाणचक्कीला गहू आणि खडे यांतला फरक कळत नाही. जात्यात काय टाकले गेले, हे टाकणाऱ्यानेच पाहावयाचे असते.

अमेरिकेतील नॅशविल शहरातील एका मोठ्या रुग्णालयात २०१७ च्या डिसेंबरात नेमके हेच घडले. तपासणीपूर्वी एका ७५ वर्षांच्या बाईंना मन शांत करणारे औषध द्यावयाचे होते. परिचारिकेने त्याच्या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे यंत्रात टाइप केली. यंत्र औषधांच्या मूळ नावांत शोधीत होते. औषध सापडेना, तेव्हा तिने नेहमीची अट बाजूला सारण्याची जी सोय यंत्रात होती ती वापरली. खण उघडला आणि हाती आले ते सबंध शरीराचे स्नायू लुळे पाडणारे औषध. यंत्राने इशारे दिले होते, कुपीच्या झाकणावरही इशारा छापलेला होता. घाईत ते नजरेआड झाले. रोगी दगावली. २०२२ साली ज्यूरीने परिचारिकेला दोषी ठरविले आणि न्यायाधीशांनी तिला तुरुंगात न पाठविता देखरेखीखाली ठेवण्याची शिक्षा दिली. देशभरच्या परिचारिका विचारू लागल्या की, अट बाजूला सारण्याची सवय जेथे रोजचीच झाली होती, तेथे एकटीच कशी गुन्हेगार?

मुलकोवाल आणि नॅशविल यांच्यामध्ये ११५ वर्षांचे अंतर आहे. तेव्हा हाताची चूक होती आणि शिक्षा झाली प्रयोगशाळेला. आता व्यवस्थेचीही चूक होती आणि शिक्षा झाली हाताला. दोन्ही वेळी समाजाने एक मान पकडली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्या १९४८ च्या कायद्याच्या कर्त्यांनी औषध देणारा म्हणून माणूसच कल्पिला होता. यंत्राचा विचार त्यांच्या मनात असणे शक्य नव्हते. इंटरनेटवरून औषधे विकण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियमांचा मसुदा काढला, तो पुढे वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. कपाटाच्या खणासाठी नियम लिहिण्याची वेळ आली म्हणजे लिहिणाऱ्यांनी लेंटिन यांचा अहवाल समोर ठेवावा. यंत्र वापरू नका, असे त्यांना सांगण्याचे कारण नाही. सांगावयाचे ते इतकेच : यंत्रात औषध भरणाऱ्याचे नाव असावे, भरण्यापूर्वी त्या मालाची तपासणी झाल्याची नोंद असावी, अट मोडून खण उघडला तर त्याच दिवशी दुसऱ्या कोणी तरी 'का' असे विचारावे, आणि ही सर्व पाने बाहेरच्या तपासनिसाला, सरकारी रुग्णालयातसुद्धा, दुकानाइतकीच खुली असावीत. प्रत्येक पायरीवर एक उत्तरदायी माणूस हवा. तो असला म्हणजे शेवटच्या पायरीवरच्या परिचारिकेची मान पकडण्याची पाळी सहसा येत नाही. आणि आलीच तर निदान ती एकटी पडत नाही.

घरच्या माणसांनाही यात थोडे करण्यासारखे आहे. मेडिकलमधून औषध घेताना पावती मागून घ्यावी. तिच्यावर औषधाच्या नावापुढे बारीक अक्षरांत बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख असते, खाली फार्मासिस्टची सही असावयास हवी. आपण ती पावती चुरगाळून टाकतो. पण मुलकोवालमध्ये एकोणीस चितांचा अर्थ ज्याने लावला, तो अशाच एका बाटलीवरचा क्रमांक होता. आणि भायखळ्याला जे चौदा जण गेले त्यांच्यासाठी, वेळ होता तोवर, हवी होती ती कोणाची तरी, खरोखर तपासून केलेली, अशीच एक सही.